कुंपणाचं गाव

रायाप्पा पहिल्यांदा माझ्या लक्षात आले ते निपाणीच्या बसस्थानकावर, एका म्हातारीचं बोलणं निमूट ऐकून घेताना. १९९८ सालचा जून महिना होता. संकेश्वरच्या एका हायस्कुलात मी भूगोल शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि रोज सकाळच्या गाडीनं निपाणीहून जात होते. म्हातारी डोक्यावरची बुट्टी खाली ठेवून, गाड्या पुकारायच्या केबिनच्या खिडकीला दोन्ही हात धरून उभी होती.

"दोन गाड्या गेल्या गा माझ्या. तवंदीचं नावच घेत न्हाईस."

"घेतलं की आज्जी. स्तवनिधी म्हणून दोनदा पुकारलं."

"ते देवाचं नाव. मला देवाकडं न्हाय जायाचं, घराकडं जायाचं हाय."

आजूबाजूचे लोक हसले. आत बसलेला तिशीतला माणूस मात्र हसला नाही. घाटातल्या त्या गावाला जैन यात्रेकरू स्तवनिधी म्हणतात आणि शेतकरी माणसं तवंदी. हा माणूस जैन घरातला, त्यामुळे त्याच्या तोंडात यात्रेचंच नाव बसलेलं. तो केबिनमधून बाहेर आला, म्हातारीची बुट्टी उचलून पुढच्या गाडीत ठेवली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "तवंदीला उतरीव. माझ्या चुकीनं दोन तास बसल्यात."

दुसऱ्या दिवसापासून भोंग्यातून "स्तवनिधी, तवंदी" असं ऐकू येऊ लागलं. पुढं एकवीस वर्षं तसंच ऐकू येत राहिलं.

ते रायाप्पा. आमची ओळख वाढली ती त्यांच्या वहीमुळे. शंभरपानी वही, तिच्यावर ब्राऊन कागदाचं कव्हर. एकेका गावासमोर नावांचे चार रकाने: कागदावरचं नाव, कन्नड माणूस घेतो ते, मराठी माणूस घेतो ते, आणि खुद्द त्या गावचा माणूस घेतो ते. पाचव्या, शेवटच्या रकान्यात, हे कुणाकडून कळलं त्याचं नाव. 'भरमू, केळीवाला.' 'शालूबाई, विडी कारखाना.' मी भूगोलाची बाई आहे हे कळल्यावर ते गाडीची वाट बघताना मला गाठायचे आणि विचारायचे, "बाई, बेळगावाला बेळगाव का म्हणत असतील?" मी सांगितलं, जुन्या लेखांत वेणुग्राम असं येतं, म्हणजे बांबूचं गाव. ते त्यांनी लगेच लिहून घेतलं आणि पुढं लिहिलं: 'बाई, भूगोल.'

त्यांची एक सवय मला फार आवडायची. माइक हातात घेण्याआधी ते सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावायचे. केबिनमध्ये कुणी बघत नसायचं. पुकारून झालं की बटण पुन्हा सोडायचे.

दोन्ही नावं घेण्याचा त्यांना त्रासही झाला. २०१४ साली बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्यानंतर एकदा, बेळगाव का म्हटलं म्हणून एका साहेबानं त्यांना लेखी जाब विचारला. त्याच महिन्यात, बेळगावी का म्हटलं म्हणून चार पोरांनी केबिनच्या काचेवर बुक्क्या मारल्या. रायाप्पा दोन्ही नावं घेत राहिले. ड्रायव्हर लोक त्यांना मांडूळ म्हणायचे, दोन तोंडांचा साप. रायाप्पा म्हणायचे, "मांडूळ कुणाला चावत न्हाय गा."

पण आतून ते घाबरायला शिकले होते. त्याला एक कारण घडलं होतं. त्यांचा एकुलता मुलगा गोमटेश. बारावीला उत्तम गुण पडले आणि २०१५ साली त्याला दूरच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगची जागा मिळाली. कागद तपासणाऱ्या कारकुनानं फाइल बाजूला सारली. दहावीच्या दाखल्यावर एक जिल्हा, नव्या रहिवासी दाखल्यावर दुसराच. दोन्ही एकच आहेत हे सांगून पटेना. तीन दिवसांची मुदत होती. रायाप्पा रडकुंडीला येऊन परत आले, चिकोडीच्या एका वकिलाकडून स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं की बेळगाव आणि बेळगावी ही एकाच गावाची दोन नावं आहेत, आणि शेवटच्या दिवशी, खिडकी बंद व्हायच्या आधी, ते दाखल केलं. गोमटेशची जागा वाचली. त्या प्रतिज्ञापत्राची झेरॉक्स रायाप्पांनी प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटात ठेवली होती. घरी गेलेल्या प्रत्येकाला ते ती दाखवायचे. मला चार वेळा दाखवली.

गोमटेश शांत, उंच, बापासारखाच शब्द तोलून बोलणारा. सुट्टीत तो केबिनमध्ये बसायचा, त्यामुळे निपाणी ते बेळगाव सगळे थांबे त्याला तोंडपाठ होते. शिकला, दोन वर्षं पुण्यात राहिला आणि २०२१ साली नेदरलँड्समधल्या हेग शहरात नोकरीला गेला. तोवर रायाप्पा निवृत्त झाले होते आणि मीही. त्याला निरोप देऊन आल्यावर दुसऱ्याच दिवशी ते वही घेऊन माझ्याकडं आले.

"बाई, आपण हेग म्हणतो. तिथला माणूस काय म्हणतो?"

मी पुस्तकं काढली, नातीला इंटरनेटवर शोधायला लावलं. आठ दिवस आम्हा दोघांना दुसरं काही सुचलं नाही. इंग्रज 'द हेग' म्हणतात, त्यावरून आपलं हेग. फ्रेंच 'ला ए' म्हणतात, स्पॅनिश माणसं 'ला आया'. तिथले लोक रोजच्या बोलण्यात 'डेन हाख' म्हणतात, शेवटचं अक्षर घशातून खरवडून काढतात. आणि त्या शहराचं एक जुनं, दरबारी नाव अजून कागदपत्रांत चालतं, 'स्ख्राव्हनहाखे'. त्याचा अर्थ, सरदाराचं कुंपण. सातशे-आठशे वर्षांपूर्वी तिथं हॉलंडच्या एका सरदाराचं कुंपण घातलेलं रान होतं, त्याभोवती शहर वाढलं. हाख म्हणजे कुंपण.

रायाप्पांनी वही मिटली. बराच वेळ ते माझ्या अंगणातल्या बांबूच्या कुडाकडं बघत राहिले.

"म्हंजे आमचं बांबूचं गाव, आन त्येचं कुंपणाचं. लांब न्हाय की गेला."

त्यानंतर ते घरात चालता-फिरता 'हाख' म्हणण्याचा सराव करू लागले. राजमतीआक्का, त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अवं, खोकला झालाय का नाव घेताय?" दर रविवारी दुपारी दोनला गोमटेशचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिला प्रश्न आईचा ठरलेला: तिकडं दिवस कधी मावळतो? या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. जूनमध्ये तो हसून म्हणाला होता, "आई, हितं रात्री धाला जेवलो तरी नियम मोडत न्हाय. उजेड असतोय." आणि डिसेंबरात म्हणाला, "आता साडेचारलाच मावळतोय गं. ऑफिसातच डबा खाऊन घेतो." राजमतीआक्कांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आपल्या सूर्यास्ताखाली त्याचा सूर्यास्त पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली.

२०२४ च्या जानेवारीत, एका मंगळवारी, तो सायकलवरून ऑफिसला जाताना बर्फावरून घसरला आणि त्याचं डोकं दगडी कठड्यावर आपटलं. बुधवारी सकाळी फोन आला. नागेंद्र नावाचा मुलगा बोलत होता. मूळचा बेळगावचा, गोमटेशबरोबर एकाच घरात राहणारा. ऑपरेशन झालं होतं. गोमटेश शुद्धीवर नव्हता, श्वास यंत्रावर होता. डॉक्टर म्हणाले होते, आईवडिलांना बोलवा.

पासपोर्ट दोघांचेही काढून ठेवलेले होते, केव्हातरी मुलाकडं जायचं म्हणून. नागेंद्रनं दिवसभर खटपट करून व्हिसासाठी बंगळूरची तातडीची वेळ मिळवली: पुढचा मंगळवार, सकाळी साडेअकरा. लागणारे कागद त्यानं पाठवून दिले.

गुरुवारी सकाळी रायाप्पा ते कागद घेऊन माझ्याकडं आले. चेहरा राखेसारखा झाला होता. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं होतं. मेजावर त्यांनी तीन कागद शेजारी शेजारी मांडले. इस्पितळाच्या पत्रावर शहराचं नाव होतं डेन हाग, बोलण्यातलं डेन हाख. नगरपालिकेच्या रहिवासी दाखल्यावर ते जुनं लांबलचक नाव. कंपनीच्या इंग्रजी पत्रावर द हेग.

"तीन नावं," ते म्हणाले. "बाई, ह्यो कागद परत येणार."

मी त्या कागदांकडं पाहत राहिले. आज, इतक्या दिवसांनी, त्या क्षणी काय म्हणायला हवं होतं हे मला नीट ठाऊक आहे. रायाप्पा, ते त्यांचंच गाव आहे, त्यांना त्यांची नावं माहीत असणार, एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हटलं नाही, कारण मला ते सुचलं नाही. माझी स्वतःची सेवापुस्तिका दोनदा परत आली होती. माझ्या धाकट्या बहिणीचा जातीचा दाखला एका वेलांटीपायी वर्षभर अडकला होता. इथं ज्यानं आयुष्य काढलं, त्याला तीन कागदांवर तीन नावं दिसली की पुढची खिडकी दिसते, खिडकीतला माणूस दिसतो, आणि त्यानं बाजूला सारलेली फाइल दिसते. मला तेच दिसलं.

"काय करायचं मग?" मी विचारलं.

"चिकोडीला जायाचं. त्याच वकिलाकडं. त्येच्या हाताला यश हाय."

नागेंद्रला फोन लावला. तो म्हणाला, "आप्पा, हे लागत न्हाय. हितं सगळे दोन्ही नावं वापरतात."

"पोरा, तू बेळगावचा न्हवं?"

"व्हय."

"तुझा कागद कधी परत आला न्हाय?"

मग नागेंद्र म्हणाला, "आलता. डिग्रीच्या टायमाला."

"मग."

नागेंद्रनं पुन्हा विरोध केला नाही. तोही आमच्याकडचाच.

शुक्रवारी आम्ही चिकोडीला गेलो. वकील आता म्हातारे झाले होते. त्यांनी कागद वाचले, चष्मा कपाळावर सरकवला.

"एकाच माणसाची दोन नावं असल्याची शपथपत्रं आजवर लई केली. परदेशातल्या गावाचं हे पयलंच. हे कुणी मागितलंय का, रायाप्पा?"

"मागितल्यावर करायला टाइम मिळत न्हाय."

"तुम्ही त्या गावाला कधी गेलाय?"

"न्हाय."

"बाई, तुम्ही?"

"नाही."

"मग शपथेवर सांगताय ते कशाच्या आधारावर?"

"ॲटलासच्या," मी म्हटलं.

वकिलांना हसू आलं आणि रायाप्पांचा चेहरा बघून ते त्यांनी आवरलं. मसुदा त्यांनी कन्नडमध्ये केला. रायाप्पा म्हणाले, इंग्रजीत पाहिजे. इंग्रजी टंकणारी मुलगी दुपारी घरी गेली होती. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार, आणि सोमवारी संक्रांत. तिन्ही दिवस कचेरी बंद. वकील म्हणाले, मंगळवारी सकाळी या, दहा मिनिटांत सही-शिक्का देतो.

"मंगळवारी तर बंगळूरला साडेअकराची वेळ आहे," मी बाहेर आल्यावर म्हटलं.

रायाप्पा पायरीवर बसले. आकडेमोड करताना ते नेहमी बोटांची पेरं मोजायचे, गाड्यांच्या वेळा जुळवायचे तेव्हापासूनची सवय. मोजून झाल्यावर म्हणाले, "बिनकागदाचं जाऊन फाइल परत आली, तर पुना नंबर लावाय महिना जाईल. त्यापरास कागद पुरा करून जाऊ. आठ-धा दिसांचा सवाल हाय." नागेंद्रनं जड मनानं वेळ बदलून घेतली. त्यानंतरची मोकळी वेळ होती पंचवीस तारीख, गुरुवार. मंगळवारपासून नऊ दिवस पुढं.

संक्रांतीला त्यांच्या घरी तिळगूळ झाला नाही. राजमतीआक्कांनी शुक्रवारीच बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन नियम घेतला होता. गोमटेशच्या कपाळाला हात लागेपर्यंत मीठ बंद. आमच्याकडच्या जैन बायका असे नियम नेहमी घेतात, कुणी तूप सोडतं, कुणी गूळ. मीठ सोडणं सगळ्यांत कठीण. मी भेटायला गेले तेव्हा त्या चुलीपुढं बसून भाकरी थापत होत्या आणि पिठात पडणारे डोळ्यांतले थेंब पदरानं अडवत होत्या. मला म्हणाल्या, "पिठात खारट नको पडाया."

मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता आम्ही चिकोडीत होतो. वकिलांनी शिक्का मारला. साक्षीदार म्हणून मी सही केली: निवृत्त शिक्षिका, विषय भूगोल. त्या कागदावर लिहिलं होतं की द हेग, डेन हाग आणि तिसरं लांब नाव ही एकाच शहराची नावं असून ते मला माझ्या माहितीप्रमाणे खरं ठाऊक आहे. रायाप्पांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. त्या आठवड्यात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला. परतीच्या गाडीत ते म्हणाले, "आता कोन अडवतंय बघू."

त्या रविवारी दुपारी नागेंद्रचा फोन आला. तिथं सकाळचे साडेनऊ वाजले होते. गोमटेशचं यंत्र थोडं कमी केलंय, म्हणाला, आणि डॉक्टर म्हणतात, त्याला ऐकू येत असेल. फोन कानाशी धरतो, आप्पा, काहीतरी बोला. मी तिथंच होते. राजमतीआक्कांनी तोंडात पदर कोंबला. रायाप्पांनी फोन घेतला. दुसऱ्या हातानं त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"गाडी सुटनार हाय," ते म्हणाले, अगदी बसस्थानकातल्या आवाजात. "स्तवनिधी, तवंदी. कणगला. संकेश्वर. हत्तरगी. यमकनमर्डी. काकती."

मग ते थांबले. गोमटेश लहान असताना शेवटचं नाव तो घ्यायचा, हे मला नंतर कळलं. रायाप्पा वाट बघत राहिले. पलीकडं फक्त यंत्राची टिकटिक ऐकू येत होती. शेवटी त्यांनी स्वतःच म्हटलं, "बेळगाव, बेळगावी."

"आप्पा," नागेंद्र म्हणाला, "बोट हाललं त्याचं. मी बघितलं."

ते खरं होतं की नागेंद्रला तसं वाटलं, हे मी सांगू शकत नाही. रायाप्पांनी रोज दुपारी दोनला तो फोन करायचा असं ठरवलं आणि रोज तीच गावं पुकारली. रोज शेवटच्या गावाआधी थांबले.

चोवीसला दोघं बंगळूरला गेले, पंचवीसला व्हिसा केंद्रात. तिथं काय झालं ते त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. एवढ्याच शब्दांत सांगितलं. खिडकीवर एक तरुण मुलगी होती. आवाज गोड. तिनं सगळे कागद ओळीनं घेतले. इस्पितळाचं पत्र घेतलं, दाखला घेतला, कंपनीचं पत्र घेतलं. प्रतिज्ञापत्र वाचलं, उलटून मागं बघितलं आणि परत दिलं.

"हे नको, अंकल," ती कन्नडमध्ये म्हणाली. "तिन्ही एकच आहेत. आम्हाला माहीत असतं."

"न्हाय, कुणी इचारलं तर..."

"कुणी विचारत नाही."

रायाप्पांनी तो कागद चौघडी करून खिशात ठेवला. राजमतीआक्का शेजारी उभ्या होत्या. त्यांना कन्नड चांगलं येतं. बाहेर आल्यावर पाणी पिताना त्यांनी फक्त विचारलं, "म्हंजे त्या मंगळवारी आलो असतो तर चाललं असतं?"

पुढचा आठवडा पासपोर्ट कुरिअरनं यायची वाट बघण्यात गेला. मी रोज त्यांच्याकडं जात होते. दोन बॅगा दाराशी भरून ठेवलेल्या होत्या. एका बॅगेत राजमतीआक्कांनी मेतकूट घातलं होतं, ते काढलं, पुन्हा घातलं. रायाप्पा अंगणात येरझारा घालत, मोटारसायकलचा आवाज आला की फाटकाशी जात. कुरिअरवाला फाटकासमोरून दोनदा दुसऱ्याच्या घरी गेला. रायाप्पा मला म्हणाले, "बाई, आता एकच मागनं. त्यो हाय तवर पोचू दे. मग काय व्हायचं ते होऊ दे." त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही. कुणाकडं मागत होते ते मला कळलं नाही.

बुधवारी, एकतीस तारखेला, दुपारी दोनला त्यांनी नेहमीसारखा फोन लावला. नागेंद्रनं उचलला. रायाप्पांनी बटण लावलं आणि म्हणाले, "स्तवनिधी, तवंदी..."

"आप्पा," नागेंद्र म्हणाला. "आप्पा, थांबा."

पासपोर्ट व्हिसासकट शुक्रवारी आले. दोन दिवसांनी.

मी भूगोल शिकवला, गणित नाही. पण तो हिशोब आमच्यापैकी प्रत्येकानं केला, मनातल्या मनात, पुन्हा पुन्हा. त्या मंगळवारी गेले असते तर व्हिसा चोवीसला हातात आला असता, सव्वीसला ते तिथं असते. पाच दिवस मिळाले असते. रायाप्पांनी तो हिशोब मोठ्यानं एकदाच मांडला, गोमटेशची शवपेटी यायच्या आदल्या दिवशी. अंगणात पाहुणे बसले होते. बोटांची पेरं मोजत ते म्हणाले, "नऊ दिस लेट केली मी गाडी." कुणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी हळूच बाजूला केला.

पेटी घरी आली, उघडली. राजमतीआक्कांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. स्मशानातल्या नोंदवहीत लिहून घेणारा माणूस नवा होता. त्यानं नाव विचारलं, वय विचारलं, मग विचारलं, "मयत कुठं झाली? गाव?"

रायाप्पा त्याच्याकडं बघत राहिले. एकवीस वर्षं त्यांनी शेकडो गावं पुकारली होती, एकेक गाव त्याच्या त्याच्या तोंडानं. माणसानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "हेग." त्यानं लिहिलं. दुसरं काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या अक्काताई पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मिठाचं, नेहमीसारखं. राजमतीआक्कांनी ताट सरकवलं.

"आता खा की गं," अक्काताई म्हणाल्या. "नियम पुरा झाला. हात लागला की कपाळाला."

"गार लागला," राजमतीआक्का म्हणाल्या.

अक्काताईंनी ताट उचललं.

वही रायाप्पांनी मला आणून दिली. मी नको म्हटलं नाही. शेवटच्या पानावर हेग आहे, नावांचे चारही रकाने भरलेले, आणि शेवटच्या रकान्यात 'गोमटेश' असं लिहून पुढं 'आणि बाई'. प्रतिज्ञापत्र त्या वहीत नव्हतं. त्याचं काय केलं ते मी विचारलेलं नाही. कपाटातली प्लॅस्टिकमधली झेरॉक्स मात्र ते आता कुणाला दाखवत नाहीत. नागेंद्र दर रविवारी दोनला फोन करतो. राजमतीआक्का त्याच्याशी बोलतात, जेवलास का विचारतात. रायाप्पा तेवढा वेळ अंगणात जाऊन उभे राहतात.

परवा मी गेले होते तेव्हा साडेपाच वाजले होते. चुलीवरून भात उतरला होता. कॅलेंडर नव्या वर्षाचं आहे, त्यावर एकच सूर्यास्त छापलेला आहे. राजमतीआक्कांनी दोन ताटं वाढली आणि मला विचारलं, तुमच्यासाठी वेगळं मीठ घालून करू का. घरात मिठाची बरणी आता पाहुण्यांपुरती असते. रायाप्पाही बायकोबरोबर दिवस मावळायच्या आत बिनमिठाचं जेवतात.